पाठ टेकेपर्यंत

"खांदा सोडा, महादेवीताई," चेतना मॅडम म्हणाल्या. "मी काही तुमच्या घरात शिरलेला चोर नाही."

महादेवीने खांदा सोडला तर कोपर ताठ झालं. कोपर सोडलं तर श्वास छातीत अडकला. मॅडमच्या मनगटाला तिचं मनगट टेकलं होतं आणि दोघींनी मिळून हवेत एक सावकाश चक्र काढायचं होतं, समोरासमोर बसून जात्याचा खुंटा फिरवावा तसं. पण महादेवीचा हात शिलाई मशीनवर घडलेला. टॉवेलची कड एकदा सुईखाली गेली की टोक येईपर्यंत थांबायचं नाही, एवढंच त्या हाताला ठाऊक. तिने चक्र अर्ध्यावर टाकलं आणि सरळ ढकललं. मॅडम कमरेतून जराशा वळल्या, बस्स, आणि महादेवी आपल्याच जोराने धडपडत बाकावरच्या एका आजोबांच्या पिशवीवर जाऊन आदळली.

"बघा, मी काही केलंच नाही," मॅडम म्हणाल्या.

"त्येच तर! काय न करता माणूस पडतंय कसं, ते शिकवा की लवकर."

"लवकर शिकायचं होतं तर कराटेला जायचं."

आजोबांनी पिशवीतली मेथी चेपली का ते बघितलं आणि तेही हसले. महादेवीला मात्र हसू येईना. कमरेला खोचलेला मोबाईल काढून तिने बघितला. घरून फोन नव्हता. फोन नव्हता म्हणजे सगळं ठीक होतं, किंवा फोन करायला कुणाला सवड नव्हती. यातलं खरं कोणतं, या विचाराने तिचा जीव सकाळभर वरखाली होत असे.

होम मैदानाच्या कडेला भरणाऱ्या त्या वर्गाला लोक 'चिनी योगा' म्हणत. चेतना मॅडम शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या. दर सुट्टीत पुण्याला जाऊन त्या ताय-ची शिकल्या होत्या, आणि कुणी योगा म्हटलं की त्यांचं डोकं फिरे. "ही लढाई आहे, लढाई," त्या बजावत. "सावकाश शिकवतात म्हणून तुम्हाला व्यायाम वाटतो." वर्ग मान डोलावी आणि पुन्हा आपल्या गुडघ्यांविषयी नि साखरेविषयी बोलू लागे. या वयात लढायचं कुणाला होतं? एकट्या महादेवीला. पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, "मॅडम, कुणी मनगट धरलं तर सोडवायचं कसं? पण समोरच्याला लागाय न्हाय पायजे."

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "न लागता? मग बरोबर जागी आलात तुम्ही."

कोण धरतं, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. घरातली गोष्ट, तीही सासऱ्याची, चारचौघांत काढायची कशी?

सासरे धुळाप्पा तरुणपणचे पैलवान. फार मोठे नव्हेत. अक्कलकोटकडच्या जत्रांत पोरांच्या नारळाच्या इनामावरच्या कुस्त्या उरकल्यावर आणि नामांकित जोड्या लागण्याआधी, लोक भेळ खायला उठतात त्या वेळी ज्या कुस्त्या लागतात, त्या मधल्या कुस्त्यांतले पैलवान. पुढे ते सोलापुरात गिरणीत लागले, गिरणी बंद पडल्यावर यंत्रमागावर गेले. दंड तसेच राहिले आणि स्वभाव गरीब गाईचा. महादेवी लग्न होऊन आली तेव्हापासून त्यांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं नव्हतं. दारात आले की आधी खाकरायचे, ती पदर सावरायची, मग आत यायचे. तिने टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जायचं ठरवलं तेव्हा भाऊबंदांनी नाकं मुरडली.  महिनाभर रोज सकाळी सायकल हातात धरून धुळाप्पा तिच्यापुढे थोडं अंतर ठेवून चालत अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेले आणि गेटवरून परत फिरले. बोलणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद झाली. ती गोष्ट महादेवी विसरली नव्हती, विसरणार नव्हती.

आता ऐंशीच्या घरात हा माणूस आतून हरवत चालला होता. दिवसभर ते बरे असत. दिवेलागण झाली की उठत. "तालमीला उशीर झाला," म्हणत आणि दाराकडे निघत. आडवं येईल त्याचं मनगट धरत. पहिल्यांदा त्यांनी तिचं धरलं तेव्हा दुखण्याच्या आधी तिला शरमेने मेल्यासारखं झालं. ज्या माणसाच्या पायाला बोटांची टोकं टेकवण्यापलीकडे कधी स्पर्श केला नाही, त्याचा पंजा आपल्या हातावर, आणि आपण कोण हे त्या पंजाला ठाऊक नाही! तिने कारखाना सोडला, शिलाईचे गठ्ठे घरी आणायला सुरुवात केली.

तिच्या हातावरचे काळेनिळे डाग नवऱ्याने, सोमलिंगने, बघितले. दुसऱ्या संध्याकाळी वडील उठले तसा त्याने गठ्ठ्यातला एक टॉवेल ओढला आणि त्यांचे हात कॉटच्या दांडीला बांधले. मग बाहेर नळावर जाऊन कितीतरी वेळ नुसता हात धूत उभा राहिला.

"असं बांधू नका वो," महादेवी म्हणाली.

"मग काय करू? मी रातपाळीला गेल्यावर तुझा हात मोडला म्हंजे?"

"मी बघते की कायतरी."

"काय बघतीस? गोळी वाढवली तर लाळ गाळत पडून ऱ्हात्यात. न्हाय वाढवली तर हे असं." त्याने डब्याचं झाकण दाबून बसवलं. "दसऱ्यापतोर बघतो. परत कुणाला धरलं तर म्हाताऱ्यांच्या आश्रमात ठिवायचं. मग मी तुझंबी ऐकायचा न्हाय."

"तितंबी बांधत्यातच की."

सोमलिंगने डबा उचलला आणि तो चिंचोळीच्या कारखान्याच्या गाडीला निघून गेला. धुळाप्पा बांधल्या हातांकडे बघत बसले होते, ते हात दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे. महादेवीने ते बघितलं. ते हात सुटे राहायला हवे होते. एवढंच तिला हवं होतं, आणि ते दसऱ्याच्या आत.

म्हणून तिला घाई. मशीनवर बसल्या बसल्या ती मनगट फिरवून बघे आणि टाका वाकडा जाई. लोटलेल्या दाराशी झटापट करी. भाकरी थापताना एक पाय पुढे, एक मागे. वर्गात मात्र मॅडम रोज तेच सांगत, सावकाश, अजून सावकाश. शेवटी एके दिवशी तिचा बांध फुटला आणि तिने सगळं सांगून टाकलं.

मॅडम म्हणाल्या, "मग ते धरायच्या आधी तुम्हीच मनगट द्या ना. टेकवा नुसतं. ते पुढे आले की तुम्ही मागे, ते मागे गेले की तुम्ही पुढे. धरायला काही मिळालंच नाही की हात आपोआप थकतो."

"मी आपनहून मामांच्या हाताला हात लावू?"

"ते लावतातच की तुम्हाला."

"त्येंना कळत न्हाय, मॅडम. मला कळतंय न्हवं?"

तरी तिने लावला. त्या संध्याकाळी सोमलिंग दाढी करायला कोपऱ्यावर गेला होता. धुळाप्पा उठले, "उशीर झाला," म्हणाले. महादेवीने डोक्यावरचा पदर घट्ट केला, "मामा, चुकलं तर पोटात घाला," असं पुटपुटली आणि मनगट पुढे केलं.

धुळाप्पा थांबले. मनगटाकडे बघत राहिले. आणि मग जे झालं ते मॅडमच्याही ध्यानात आलं नव्हतं. पैलवानासमोर कुणीतरी हात केला होता! धुळाप्पा वाकले, फरशीला बोटं लावून कपाळाला टेकवली, आणि त्यांनी मांडीवर असा शड्डू ठोकला की भांड्यांची मांडणी वाजली. "बा," ते म्हणाले. लहानपणची कानडी कुठून तरी वर आली होती. "बा, बा!" ये, ये म्हणत ते तिला बोलवू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं तेज आलं की महादेवीला आपण कशासाठी उभ्या आहोत याचाच विसर पडला.

मनगटं भिडली. ते पुढे आले, ती मागे गेली. ते मागे गेले, ती पुढे गेली. मैदानावर कधी जमलं नाही ते चक्र घरातल्या चार फरशांवर सुरळीत फिरू लागलं. पैलवान डावाआधी एकमेकांना अजमावतात त्याला खडाखडी म्हणतात, हे महादेवीला काय माहीत! धुळाप्पांना ते पुरेपूर माहीत होतं. त्यांनी अजमावलं, एकाएकी तिच्या मानेवर हात टाकला आणि सगळा देह घालून डाव मारला. महादेवीने ढकललं नाही, ओढलं नाही. खांदा सुटला, कोपर सुटलं आणि कंबर आपली आपण वळली.

मॅडम असत्या तर टाळी दिली असती. धुळाप्पांच्या जोराला समोर काही सापडलंच नाही. ते तिच्या अंगावरून पलीकडे गेले, मशीनच्या लोखंडी स्टँडवर कपाळ आपटलं, आणि ते उताणे पडले.

रक्त फार आलं नाही. महादेवीने हळद दाबली, रडत रडत त्यांना हाका मारल्या. धुळाप्पा छताकडे बघत होते. "पाठ लागली," ते म्हणाले. "पाठ लागली माझी."

त्यानंतर ते कॉटवरच्या कोपऱ्यात जाऊन बसले ते बसलेच. जेवायला नको, चहा नको. दिवेलागणीला उठणंही थांबलं. कुणी समोर आलं की हरलेल्या पैलवानासारखे तोंड भिंतीकडे करत. हात बांधायची गरज उरली नव्हती. ते मांडीवर सुटे पडलेले असत. महादेवीला हवं तेच झालं होतं, आणि त्या सुट्या हातांकडे तिला बघवत नव्हतं.

"आश्रमवाल्याशी बोललो," सोमलिंग म्हणाला. "रईवारी गाडी यील. हितं उपाशी मरायला सोडू का त्यास्नी?"

 सकाळी महादेवी मैदानावर गेली ती तणतणतच. "लागू पडली तुमची विद्या, मॅडम. म्हातारा माणूस पाडला मी."

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "चूक माझी. ते कुस्ती खेळलेले, हे मी विचारायला हवं होतं."

"चूक ऱ्हाऊ द्या. आता मला पडायला शिकवा."

"पडू नये म्हणून तर शिकवतो आपण हे सगळं."

"मॅडम, कुस्तीत पाठ टेकली की खेळ खलास. मग जितलेला गडी हात सोडतो. सोडतोच! धरून ठिवत न्हाय." ती बोलता बोलता येरझारा घालत होती. "त्येंनी मला पाडलं पायजे. आन् मी पडताना ते माज्यासंगं पडाय न्हाय पायजेत. त्येंना कळायबी न्हाय पायजे की मीच पडले. शिकवा."

 मॅडमनी चपला काढल्या आणि त्या गवतावर उभ्या राहिल्या. ढकलणाऱ्याचा जोर आपल्या पायापर्यंत येऊ द्यायचा, गुडघा आधी टेकवायचा, मग कुल्ला, मग एक बाजू, शेवटी पाठ, आणि या सगळ्यात आपला एक हात समोरच्याच्या काखेखाली, टेकू दिल्यासारखा. गुडघे-साखरवाली मंडळी व्यायाम सोडून गोळा झाली. दोन बायका गवतात पुन्हापुन्हा आडव्या होताहेत हे बघून मेथीवाल्या आजोबांना हसू आवरेना. महादेवीच्या केसात गवत, साडीला माती. घाई केली की खांदा आपटे. त्या दोन-तीन दिवसांत ती इतकी आपटली की शेवटी तिच्या अंगाला घाई करायचीच भीती बसली, आणि मग ती नीट पडू लागली.

शनिवारी दिवेलागणीला तिने मशीन भिंतीशी सारली आणि फरशीवर वाकळा अंथरल्या. सोमलिंग रातपाळीच्या कपड्यांत उंबऱ्यावर बसला होता.

"काय चाललंय तुझं?"

"गप बसून बघा."

धुळाप्पा भिंतीकडे तोंड करून होते. महादेवीने मनगट पुढे केलं. त्यांनी बघितलं नाही. तिने हाक मारली. नाही. ती क्षणभर घुटमळली. मग तिने डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला, वाकून फरशीला हात लावला आणि सासऱ्यासमोर, नवऱ्यादेखत, मांडीवर शड्डू ठोकला.

"अगं ए!" सोमलिंग उठला.

"बा!" महादेवी सासऱ्याला म्हणाली.  "या की, पैलवान! बा!"

धुळाप्पांनी मान वळवली. सावकाश पाय खाली सोडले. कपाळावरची पट्टी, सुकलेले ओठ, पण वाकताना त्यांचा हात बरोबर जमिनीला लागला आणि कपाळाला गेला. मनगटं भिडली. महादेवीला त्यांच्या हातात भीती जाणवली, परत पाठ लागेल ही. तिने आपला हात मऊ ठेवला. ते एक पाऊल आले, ती गेली. ते आणखी आले. हळूहळू भीती गेली आणि जोर आला. मानेवर हात पडला, डाव बसला. महादेवीने कंबर वळवली नाही. तो सगळा जोर तिने अंगातून खाली जाऊ दिला आणि त्याच्याबरोबर स्वतः गेली. गुडघा, कुल्ला, बाजू. धुळाप्पांच्या काखेखाली तिचा हात तसाच होता, ते अलगद गुडघ्यांवर आले. मग तिने पाठ टेकवली.

धुळाप्पांनी तिचा दंड धरला होता. त्यांनी खाली बघितलं, पाठ टेकल्याची खात्री केली आणि हात सोडला.

"कुणाचा पठ्ठा तू?" धापा टाकत त्यांनी विचारलं.

महादेवीच्या डोळ्यांतून पाणी कानापर्यंत वाहत होतं. "तुमच्याच तालमीतला, वस्ताद."

"तरीच. हात हलका हाय." त्यांनी हात देऊन तिला उठवलं, पाठीवर थाप दिली आणि सोमलिंगकडे वळून म्हणाले, "अरं, भाकरी आण की. बघत काय बसलायस?"

सोमलिंगने भाकरी आणली. दुधात कुस्करून वडिलांच्या पुढ्यात ठेवली. ते खाऊ लागले तसा तो बाहेर गेला आणि मोबाईलवर बोलताना ऐकू आला. "न्हाय, उद्या नको गाडी. न्हाय वो, पुढच्या रईवारीबी नको." त्या रात्री तो कामावर उशिरा पोचला.

मग ते रोजचंच झालं. दिवेलागण झाली की वाकळा पडत. सोमलिंग लहानपणी तालमीला जायचा कंटाळा करून गिरणीच्या भिंतीमागे लपलेला पोरगा. तो आता पंच होऊन उभा राही आणि निकाल लागला की वडिलांचा हात वर करी. गल्लीत व्हायचा तो बोभाटा झालाच. सून सासऱ्याशी कुस्ती खेळते म्हटल्यावर लोकांना दुसरं काय हवं? महादेवीने मनावर घेतलं नाही. रोज हरून ती भाकऱ्या टाकायला जाई, धुळाप्पा पोटभर जेवत आणि शांत झोपत. हात कुणीच बांधले नाहीत.

चेतना मॅडम एकदा घरी येऊन बघून गेल्या. निघताना दारात थांबून त्या म्हणाल्या, "एवढी वर्षं शिकवते. असं पडताना मी कुणाला बघितलं नाही." महादेवीने त्यांच्या हातात शेंगाचटणीची पुडी ठेवली आणि नळाला पाणी आलं म्हणून धावली.

उन्हाळा चढला. सोलापूरचा उन्हाळा धडधाकट माणसाला निम्मा करतो. धुळाप्पा दिवसेंदिवस हलके होत गेले. दंडाची कातडी लोंबू लागली, शड्डूचा आवाज येईनासा झाला. महादेवीला ते डोळ्यांपेक्षा मनगटात आधी कळत होतं. कालच्यापेक्षा आज तिला थोडं जास्त पडावं लागे. हे तिने सोमलिंगला सांगितलं नाही. पण वडिलांचा हात वर करताना तोही किती जपतो, हे तिला दिसत होतं.

एका संध्याकाळी धुळाप्पा कॉटवरून उठायलाच वेळ लावू लागले. सोमलिंगने काखेत हात घालून त्यांना उभं केलं. जमिनीपर्यंत हात पोचला नाही, म्हणून त्यांनी वाकून आपल्याच गुडघ्याला हात लावला आणि कपाळाशी नेला. महादेवीने मनगट पुढे केलं. त्यांचं मनगट येऊन टेकलं, सुकल्या काटकीसारखं. ती वाट बघत राहिली. ते पुढे आले नाहीत, मागे गेले नाहीत. मानेवर त्यांचा हात आला, तोही ठेवल्यासारखा. त्या हातात ढकलणं नव्हतं, धरणं नव्हतं. पण डोळे तिच्यावर रोखलेले होते, आणि डाव टाकल्यावर गड्याचं काय होतंय याची वाट बघत होते.

महादेवीने गुडघा टेकवला. मग कुल्ला, मग बाजू. कुणीही न पाडता ती पडली, सावकाश, मधे कुठेही न थांबता, आणि तिने पाठ टेकवली.

सोमलिंगने तोंड फिरवलं होतं. हात वर करायचं त्याला सुचलं नाही.

धुळाप्पा कॉटची कड धरून उभे होते. त्यांनी खाली बघितलं, तिची पाठ नीट टेकली आहे ना ते बघितलं, आणि समाधानाने मान हलवली.

"ऊठ, गड्या," ते म्हणाले आणि आपला हात त्यांनी तिच्यापुढे केला.

महादेवीने तो हात धरला, आणि आपलं कणभरही वजन त्याच्यावर न टाकता ती उठली.